मैंदर्गीचं शिसव, सोलापूरचं ऊन आणि मल्लूचं ‘व्हय’

शनिवारी सकाळी गच्चीत गेले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. शिसवाच्या सहाच्या सहा फळ्या टोकापासून पार मधापर्यंत तडकलेल्या! “आपलं सोलापूरचं ऊन हाय की मॅडम, पंधरा दिवस गच्चीत टाका, कडक वाळतंय,” असं फर्निचरवाल्यानं छातीठोक सांगितलं होतं. त्याच्या जिभेला काही हाड?

मैंदर्गीला आमच्या बांधावरचं शिसव वळवाच्या वाऱ्यात पडलं. त्याच्या सावलीत मी आणि माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ वाढलो. म्हणून त्याचं माझ्या घरी जेवणाचं टेबल करायचं ठरलं. निम्म्या फळ्या मी आणल्या, निम्म्या गावीच राहिल्या. आणि “त्याही पत्र्यावर उन्हात टाक” असं मल्लूला फोनवर दहादा बजावणारी मीच! आता थांबवायला फोन लावला, तर उचलेल तो मल्लू कसला. निघालेच.

अक्कलकोटपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट, तासाभराचा रस्ता. जाणार असाल तर स्टँडजवळ चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची भजी जरूर खा. मला मात्र घास गोड लागला नाही. पुढं मैंदर्गीला वडापची जीप.

“दोन शिटा आल्या की निगू, मावशी,” ड्रायव्हर तिसऱ्यांदा म्हणाला.

“तोवर माझी आणखी एक फळी फुटेल रे बाबा!”



घरी पोचले, तर पत्र्यावर एकही फळी नाही. मल्लू कट्ट्यावर निवांत चहा पीत बसलेला.

“मल्ल्या, फळ्या कुठं आहेत?”

“हायत की, गोठ्यामागं.”

गोठ्यामागच्या गार सावलीत फळ्या विटांवर रचलेल्या. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये वारा खेळायला काटक्या, टोकं आधी वाळू नयेत म्हणून त्यांना ऑइलपेंट. एकीलाही चीर नाही. मला हायसं वाटलं, आणि लगेच दुप्पट राग आला.

“उन्हात टाक म्हणून सांगितलं होतं ना तुला?”

“सांगितलीस की. मी व्हय म्हणलो.”

“मग?”

“अक्का, अव्वा शेवया कुटं वाळवायची?”

“सावलीत. उन्हात तुट...” आईच्या शेवया आठवल्या.

“लाकडाचं तसंच हाय. वरनं वाळतंय, आत वलं ऱ्हातंय, मग फुटतंय. सुतार म्हणतोय, इंचभर जाडीला वरीस लागतंय.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू ऐकतीस व्हय कुणाचं?”

भाकरी-शेंगाचटणी खाऊन संध्याकाळी परतले.

फर्निचरवाल्याला यथेच्छ झापलं. तो म्हणाला, “यंदा ऊनच जास्त हाय, मॅडम.” माझ्या फळ्यांचा तडकलेला भाग कापल्यावर एखादा पाट होईल, तेवढंच. त्याचं मला फार वाईट वाटतं. झाड एकच होतं हो.

काल मल्लूला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हटलं, “चूक माझी आहे. टेबल तुझ्याकडंच कर, तुझ्या घरीच ठेव. मला पाठवायचं नाही. कळलं?”

“व्हय,” म्हणाला.