लसीसाठी पुढे केलेला दंड

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायचे. निकाल डॉक्टर सांगायचे. एकदा एचआयव्हीचा निकाल ऐकून माझ्याच वयाची एक बाई लेकीला कडेवर घेऊन माझ्या खिडकीशी आली.

"ताई, पोलिओचा डोस हाय, मग याचा का नाय?"

अजून निघाला नाही, मी म्हणाले.

"मग काढा की," असं म्हणून ती गेली.

पुढे काही वर्षांनी पुण्यात एचआयव्हीच्या लसीची चाचणी होती. निरोगी माणसं हवी होती. मी नाव दिलं. देवळ्याला घरी कळवलं, तर आईनं बोलणं टाकलं. वडील मात्र सकाळच्या एसटीनं आले आणि माझ्याबरोबर पुण्याला निघाले. तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी तासभर प्रश्न विचारले. लसीत जिवंत विषाणू नाही, त्यामुळे आजार होणार नाही, असं बाईंनी समजावलं. साध्या तपासणीत मात्र आजार नसतानाही कधी पॉझिटिव्ह दिसू शकतं, हेही लपवलं नाही. वडिलांनी संमतीचा कागद माझ्याकडे सरकवला.

"सही तुझी हाय. पटतं तर कर."

मी केली.

तेव्हा सटाण्याचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मी त्यांनाही सांगून टाकलं. चार दिवसांनी मुलाचे मामा घरी आले. लग्नाआधी हे सगळं थांबवा आणि बाहेर बोलू नका, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"थांबवणार नाही," मीच म्हणाले. "आणि कुणी विचारलं तर सांगणार."

मामा वडिलांकडे वळले. तिनं सांगितलंय तेच माझं, म्हणत वडिलांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

स्थळ मोडलं. गावात माझ्याबद्दल नको ते बोललं गेलं. एका लग्नात पंगतीला बायका माझ्यापासून लांब सरकून बसल्या. मी उठले नाही, पोटभर जेवले.

पुण्याचे सगळे हेलपाटे मी पुरे केले. शेवटी कळलं, लसीचा हवा तेवढा परिणाम दिसला नव्हता; ती तिथंच थांबली. दवाखान्यातला एक सहकारी हसून म्हणाला, लग्नही गेलं आणि लसही गेली. मी त्याला सुनावलं, या वाटेनं जमत नाही एवढं तरी माझ्या रक्तातून कळलं, तुझ्या हसण्यातून काय कळलं?

मग मी पुण्याला फोन करून पुढच्या चाचणीत नाव घ्या म्हणाले. एकदा अशी लस घेतलेल्याला पुन्हा चाचणीत घेता येत नाही, असं तिकडून उत्तर आलं. लोकांच्या बोलण्याचा आला नव्हता एवढा राग मला त्या दिवशी आला.