डिस्कवरचं कुंकू

मित्रांनो, आज सकाळी आण्याचा घाट सायकलने उतरताना दोन्ही ब्रेक पूर्ण दाबूनही सायकल थांबेना. शेवटी पाय घासत थांबलो. भीतीसुद्धा वाटली नाही.

मागून आलेला माझा मित्र बाळू ओरडला, "मरायचंय का राव? नुसती वायर ताणून काय व्हतंय? पॅड तेल प्यालेत, बदल की!"

मला ते माहीत होतं. दसऱ्याला पूजा करताना आमच्या हिने चाकांमधल्या ब्रेकच्या दोन्ही डिस्कवर तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं. दिवाळीनंतर ती वारली. तेव्हापासून मी फक्त वायरच ताणत होतो.

घरी येऊन नवे पॅड आणि ते डिस्कवर दोन्ही बाजूंनी दाबणारे कॅलिपर बसवले. पुढच्या डिस्कच्या मधोमध तिच्या बोटाचा कुंकवाचा ठसा अजून होता.

देवाला हात जोडले आणि दोन्ही डिस्क स्पिरिटने पुसून काढल्या.