कोरडं धोतर

नवेगावहून मासळी घेऊन गोंदियाला येणाऱ्या ओळखीच्या माणसाने स्टेशनवरच सांगितलं, "तुमचा रघुमामा गेला जी." काही आठवडे झाले त्याला. रडू येऊन गेलं, राग मात्र जात नाही... मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मामाबद्दल चांगलंच लिहितो. ज्यांच्याबद्दल वाईट लिहायचं ते जिवंत आहेत, खुर्च्यांवर बसले आहेत.

मोठ्या लढाईत मामा इंग्रजांच्या पलटनीतून इराकात बसऱ्याकडे गेला आणि ओटीपोटात तोफगोळ्याची कपची घेऊन परतला. दिसायला धडधाकट, पण लघवीवर ताबा नाही. बसल्या जागी धोतर भिजायचं. तुटलेल्या हाताला पेन्शन मिळतं, कारण तो दिसतो. हे दुखणं कोणाला दाखवणार? मामाने पंगत सोडली, भजन सोडलं. पोटच्या लेकीच्या लग्नात हा बाप मांडवाबाहेर उभा! वर्षातून एकदाच तो खुलायचा, धानाच्या रोवणीत. भाताच्या बांधीतल्या चिखलात सगळ्यांचेच कपडे ओले, म्हणून मामा सगळ्यांच्या पुढे, आणि तोंडाने थट्टा चालू.

पेन्शनच्या तपासणीसाठी नागपूरहून बोलावणं आलं तेव्हा मी सोबत गेलो. अर्जुनीला गाडीत बसल्यापासून मामाने पाण्याला तोंड लावलं नाही. मला वाटलं, उपास असेल. डॉक्टरसाहेबाने पोट दाबलं, धोतराकडे पाहिलं आणि म्हणाला, "धोती तो सूखी है. कुछ नहीं हुआ इसको."

झालं! बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, काऊन पाणी नाही घेतलं तू?"

"कालपासूनच सोडलं. साहेबापुढं मुतू का बे? पलटनीचा मानूस हाव मी."

मी तसाच सांगायला आत धावलो. चपराशाने दारातच अडवलं, "हो गया, चलो." अरे, काय हो गया? माणसाने अब्रू झाकली हा त्याचा गुन्हा? सरकारला त्याचं रक्त चाललं, मूत मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरं वाटेना! पुन्हा अर्ज कर म्हणून मी मामापुढे हात जोडले. तो हलला नाही. "आता भिजवून जा म्हनतं? नाही जात मी."

गेल्या आठवड्यात मामीकडे गेलो, तेव्हा तिने त्याच्या शेवटच्या घडीचं सांगितलं. घरात सारा गाव जमला होता. तिने तुळशीचं पाणी त्याच्या तोंडाशी नेलं. मामाने ओठ घट्ट मिटून घेतले. "लोकं हायेत," एवढंच म्हणाला, आणि तसाच तहानलेला गेला.

त्याच्या खाटेपाशी मामी अजून पाण्याचा गडवा भरून ठेवते. माझ्यादेखत तिने त्यावरचं झाकण काढलं.

"आता कोनी नाही पाहून राहिलं जी," ती रिकाम्या खाटेला म्हणाली, "आता त प्या."