बॅनरखालची माती

माझ्या नवऱ्याचा बॅनर मी फाडणार होते. कात्री पर्समध्ये होती.

'जलमित्र दत्ता साहेब. प्रथम पुण्यस्मरण.' आणि खाली हात जोडून आमच्या भागाचे पुढारी नाना. यांचा फोटो पासपोर्ट साईझ, नाना मात्र कमरेपर्यंत!

हे तेच नाना, ज्यांनी भर बैठकीत यांना 'बेडूकसाहेब' म्हणलं होतं.

बरं, बॅनर लावला कुठं? चकलांब्याकडं जाताना एक तळं लागतं, तिथं. काठाला नाही हो, आत. उन्हाळ्यात तळं कोरडंठाक असतं, तर सरळ त्याच्या पोटात खांब रोवलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे सरकारी खात्यात जलजीव अधिकारी होते. ओढ्यात, तळ्यात कुणाला भराव टाकायचा असला, काही बांधायचं असलं, की परवानगीआधी यांची पाहणी लागायची. त्या पाण्यात काय काय जगतंय ते बघून हे अभिप्राय लिहायचे.

आणि आपले लोक लई हुशार. पाहणी लावायची ती बरोबर मे महिन्यात!

"साहेब, पाणी कुठंय? हे तर पडीक रान हाय. इथं प्लॉटिंग झालं तर कुणाच्या बापाचं काय जातंय?"

हे वाद घालायचे नाहीत. घमेलंभर माती घ्यायचे, घरी आणायचे आणि माझ्या कपडे भिजवायच्या टबात टाकायचे.

"कावून हो? तुमच्या ऑफिसात बादली न्हाई का?"

"पसरट पाहिजे. आणि नळाचं पाणी ओतू नको, त्यात औषध असतंय. बोअरचं घाल."

मी शाळेत सायन्स शिकवते. तरी पहिल्या वेळी मला खोटंच वाटलं होतं.

काही दिवसांनी त्या पाण्यात पांढरे ठिपके पळायला लागले. मग त्यांना पाय फुटले. एवढुसे जीव, आणि चक्क उताणे पोहत होते!

"अंडी मातीत पडून राहतात," हे म्हणाले. "पाणी आलं की बाहेर येतात. यांच्यावर मासे जगतात, माशांवर पक्षी. तळं आटलं म्हणजे संपलं असं नसतं."

या तळ्याच्या वेळी हे तोच टब घेऊन बैठकीला गेले. माझा गुलाबी टब. साहेब लोकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

इथं प्लॉट पाडायचे होते नानांना. ते म्हणाले, "बेडूकसाहेब, चहात पडू देऊ नका म्हंजे झालं."

सगळे खदाखदा हसले. मोठे साहेबसुद्धा. ज्या कामाचा पगार घेता त्याच कामाला हसता? लाज कशी वाटत नाही?

यांनी लिहायचं तेच लिहिलं. इथे भराव टाकता येणार नाही.

दिवाळीच्या आधी बदली झाली. पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. 'प्रशासकीय कारण' म्हणे. कसलं डोंबलाचं कारण!

माझी नोकरी इथं, सासूबाई इथं. हे एकटेच गेले. रोज फोनवर एकच प्रश्न, "तळ्याकडं गेलतीस का? मुरूम पडला न्हाई ना?"

मी चिडायचे. "आधी जेवलात का ते सांगा."

तिथंच, भाड्याच्या खोलीत, यांच्या छातीत दुखायला लागलं. जवळ पाणी द्यायलासुद्धा कुणी नव्हतं.

सांत्वनाला नाना आले. सोबत फोटोग्राफर. "वहिनी, देवमाणूस गेला."

मी उठून आत गेले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. जन्मभर मेंढ्यांमागं हिंडलेली बाई ती, कुणाला घाबरत नाही.

"देवमाणूस व्हता तर इतक्या लांब कावून धाडला?"

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला.

आणि आता हा बॅनर. का, ते मला मागच्या आठवड्यात कळलं. तळ्याची पाहणी पुन्हा लागलीय. यांच्या जागी आलेले नवे साहेब येणार. पुन्हा उन्हाळ्यातच! म्हणून नानांना यांचा एवढा उमाळा आलाय. जलमित्राचा बॅनर लावणारा माणूस तळं कसं बुजवेल, असं सगळ्यांना वाटायला पाहिजे ना.

डोकं फिरलं माझं. सासूबाईंना स्कूटीवर मागं बसवलं आणि तशीच निघाले. बॅनरपाशी जाऊन कात्री काढली.

त्यांनी माझा हात धरला. "थांब. त्याचा फोटू हाय त्यात."

मग त्या खाली बसल्या. खांबासाठी खांदलेली माती तिथंच पडली होती. त्यांनी पदर पसरला आणि ती माती ओंजळीनं भरायला लागल्या.

"आत्या, काय करताय?"

"टब हाय न्हवं अजून घरी?"

परत येताना मला रस्त्यातच रडू फुटलं. गाडी बाजूला घ्यावी लागली.

आज यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी टबात वाकून बघितलं.

सासूबाईंना आता बारीक दिसत नाही. त्या शेजारी उभ्या होत्या.

"पळत्यात का गं?"

"पळतात, आत्या."

"उताणी?"

"हो, उताणीच."

त्यांनी टबाला हात लावून नमस्कार केला. नैवेद्याचं पान त्यानंतर वाढलं.

तर नाना, बॅनर काढू नका. उद्या पाहणी होईपर्यंत राहू द्या. मी आणि आत्या टब घेऊन तुमच्या खांबाशेजारीच बसणार आहोत. ही माती तुमच्याच खड्ड्यातली आहे, हे नव्या साहेबांना जागेवर दाखवायचंय. हसायचं असेल तर या वेळी आमच्या तोंडावर हसा.

नवे साहेब, तुम्हाला मी ओळखत नाही. तुम्हाला फक्त टबात बघायला सांगणार आहे. बघून मग काय लिहायचं ते लिहा.

आणि मित्रमैत्रिणींनो, इथं खाली हात जोडलेले इमोजी नकोत. यांना श्रद्धांजली वाहायची असेल तर उद्या सकाळी तळ्यावर या.

ऊन लई आहे, टबातलं पाणी आटेल. येताना तांब्याभर पाणी आणा.

बोअरचं आणा.