आमच्या मिलचे कटकन शेठ

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, वेलांट्याही चुकतात. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर समजून घ्यावं. शेठजी आता नाहीत, म्हणून लिहिते.

शेठजी धानाचा दाणा दाताखाली धरत. कट असा आवाज आला की धान वाळलं. नाही आला तर म्हणत, "अजून एक ऊन पायजे." त्यांचं चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. तुमसरच्या त्यांच्या राईस मिलमध्ये आम्ही चाळीस बाया उकडलेलं धान पटांगणात पसरायचो, पायांनी फिरवायचो. पाठीमागे त्यांना कटकन शेठ म्हणायचो. ते त्यांना कळलं तेव्हा आमच्या सुगंधाबाईला म्हणाले, "तोंडावर म्हण ना वं, मले गोड लागते."

मिलच्या आधी ते बाजारात पोती वाहायचे. शेठ झाले, गाडी आली, पण डावा खांदा शेवटपर्यंत खालीच राहिला.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर ते नगरपालिकेला उभे राहिले. आमच्या मोहल्ल्यात नळ नव्हता, तो आणायचा होता. डिपॉझिटसाठी त्यांनी प्रत्येकीकडून दहा रुपये मागितले.

सुगंधाबाई म्हणाली, "तुमच्याजवळ काय कमी हाय शेठजी? आमचे दहा कायले?"

"माह्या पैशानं उभा राहीन तर माह्या मिलचं काम करीन. तुमच्या पैशानं राहीन तर तुमचं करा लागन."

मीही नोट दिली. वर पाहायचं धाडस झालं नाही. त्यांच्याशी मी कधी बोललेच नव्हते.

मतदानाच्या दिवशी शेठजी सकाळपासून शाळेजवळच्या मंडपात होते. आम्ही दुपारून जाणार होतो. तेवढ्यात आभाळ भरून आलं. पटांगणभर त्यांचं धान पसरलेलं. भिजलं असतं तर सगळं काळं पडलं असतं. सुगंधाबाई ओरडली, "मत मंग टाकू वं, आधी धान झाका!" आम्ही चाळीस जणी धान ओढत राहिलो, ढीग करत राहिलो, ताडपत्र्या बांधत राहिलो. धावत शाळेत पोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं. पाऊस तर आलाच नाही.

शेठजी पडले. डिपॉझिटही जप्त झालं, तेही थोडक्या मतांनी. आमची चाळीस पडली असती तर निदान तेवढं वाचलं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही माना खाली घालून उभ्या होतो. आता काम जाणार, असंच मला वाटत होतं. त्यांनी ताडपत्री उचलली, दाणा दाताखाली धरला.

"चांगलं राखलं धान," म्हणाले. मग हसले, "मतं नाही राखता आली तुमाले. तुमचे दहा रुपये माह्याकडं राहिले, बरं का."

पुढच्या निवडणुकीला त्यांनी पुन्हा दहा-दहा घेतले. मतदानाच्या आदल्या दिवशी बॉयलर थंड केला, पटांगण झाडून घेतलं आणि भर सीझनमध्ये पगारी सुट्टी दिली. "उद्या मिलमध्ये एक दाणा दिसला तर तुमची खैर नाही," म्हणाले. ते निवडून आले. त्या दिवशी एवढ्या मोठ्या माणसाच्या गळ्यातला हार मी लांबूनच पाहिला.

गुलाल धुऊन ते मिलमध्ये आले आणि प्रत्येकीच्या हातावर दोन नोटा ठेवू लागले. दोन्ही वेळचे वीस रुपये. माझ्यापाशी आले तेव्हा मी मान हलवली, हात मागे घेतला.

"घे बाई," ते हळूच म्हणाले. "नाही घेशील तर माह्यावर तुहे उपकार केले असं वाटून गप्प राहशील. पैसे फिटले की मले बोलायले मोकळी."

मी वीस रुपये घेतले, पदराला बांधले आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "शेठजी, नळ केव्हा येणार?"