दुसऱ्या अंतऱ्यानंतरचा ‘जी’

त्या संगीतकाराची जन्मशताब्दी झाली तेव्हा दादरला मोठमोठे कार्यक्रम झाले, पेपरांत पानंच्या पानं भरून आली. आमच्या घराला त्यातलं काही नको होतं. आम्हाला हवा होता त्याच्या एका गाण्यातला एक ‘जी’.

माझे बाबा परळच्या गिरणीत कामाला होते आणि वरळीच्या आमच्या चाळीतल्या भीमजलशात ढोलकी वाजवायचे. शाहिराची ओळ संपली की मागच्या साथीदारांनी ‘जी जी’ म्हणत ती उचलायची, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. एका भीमजयंतीला तो संगीतकार गर्दीत उभा राहून जलसा ऐकत होता. ढोलकी त्याला आवडली आणि त्याने बाबांना थेट रेकॉर्डिंगला बोलावलं. तिथे दुसरा अंतरा संपला आणि सवयीने बाबांच्या तोंडून खणखणीत ‘जी!’ निघून गेला. बाबांना वाटलं, आता आपलं काही खरं नाही. तो मात्र हसला. “राहू दे रे, गोड लागतंय,” म्हणाला. गाणं तसंच बाहेर आलं. रेडिओवर लागलं की आमची अख्खी चाळ त्या एका अक्षरासाठी कान टवकारून बसायची.

गेल्या वर्षी बाबा गेले. घरात फोटो ढीगभर आहेत, पण त्यांचा आवाज दुसऱ्या कशातच नाही. महिन्याभराने आईने ते गाणं लावायला सांगितलं. मी मोबाइलवर लावलं. शताब्दीसाठी साफसूफ केलेलं होतं ते. दुसरा अंतरा संपला आणि सरळ धृपद सुरू झालं. खरखर काढता काढता कुणीतरी माझा बापही पुसून टाकला होता.

“गाणं करणाऱ्यानं ठेवला व्हता ना?” आई म्हणाली. “मग ह्या लोकांनी कुणाला इचारून काढला?”

मला इतका संताप आला की त्या शताब्दीवाल्यांना शिव्या घालत मी दोन दिवस फिरलो. त्याने काय होणार? शेवटी गिरगावात जुन्या तबकड्या जमवणारे एक गृहस्थ असल्याचं कळलं. आईला टॅक्सीत घालून घेऊन गेलो. लाकडी जिना ती कठड्याला धरून चढली. त्या भल्या माणसाने तिला खुर्ची दिली, तबकडी पुसली आणि लावली.

खरखर भरपूर होती. अंतरा संपला आणि ‘जी’ आला. तरुण, माझ्याहूनही तरुण आवाज. मला हुंदका आवरेना. आई रडली नाही. तिने पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा.

“दम लागलाय त्यांना,” ती म्हणाली. “रातपाळी सुटली तसे तिकडंच गेले व्हते. मी भाकरी करून वाट बघत बसले. उपाशी हायेत रे ते, ऐक.”