ब्राह्मीचा काढा

मी रोज भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावाहून निघते आणि कशेळीचा पूल ओलांडून प्रयोगशाळेत जाते. काम एकाच एन्झाइमचं. मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन असतं, ते हे एन्झाइम तोडतं. अल्झायमरमध्ये ते रसायन आधीच कमी पडलेलं. म्हणून आम्ही वनस्पतींचे अर्क घालून बघतो, कुठला अर्क ह्या एन्झाइमला आवरतो ते. नळीतलं पाणी पिवळंधमक झालं की एन्झाइम जोरात; फिकं राहिलं की अर्कात दम आहे. आमच्या घरामागे, गोदामाच्या कुंपणापाशी कायम ओल असते. तिथली ब्राह्मी नेली आणि नळी फिकी राहिली. अहो, मी नाचायचीच बाकी होते!

घरी आईला तोच आजार. सगळा जन्म शेतात राबलेली बाई, आता मोरी शोधत घरभर फिरायची. डॉक्टरांची गोळी चालू होती. तीही त्याच एन्झाइमला आवरणारी, हे मला तोंडपाठ. तरी मी रोज सकाळी तिला पेलाभर काढा पाजायला लागले, कोणाला न सांगता. नळीत घडतं ते माणसात घडेलच असं नाही, हे प्रयोगशाळेतल्या सरांनी शंभरदा बजावलेलं. पण आईने मला हाक मारून महिना झाला होता हो! मला कुठला धीर?

पंधरा दिवसांत तिचं जेवण तुटलं. मग एकदा मोरीच्या दारातच कोसळली.

भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली. "फार मंद चालली आहे. गोळीशिवाय आणखी काही देता?"

"नाही," मी म्हणाले. एवढी शिकलेली मी, कुठल्या तोंडाने सांगणार? लाज वाटते आजही.

डॉक्टर आईकडे वळले. "आजी, ह्या कोण?"

आईने मला निरखून पाहिलं. "ठावं न्हाय. पन बाई लय चांगली हाय. रोज सकाली कडू औषध पाजते."

मला रडूच फुटलं. "ब्राह्मीचा काढा," मी म्हणाले. "मीच देते."

गोळी आणि काढा दोन्ही एकत्र पडल्यानेच नाडी मंदावली असं छातीठोक सांगता येत नाही, पण काढा आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले. गोळीही काही दिवस थांबवली. नाडी हळूहळू सावरली.

आता सकाळी मी नुसता चहा नेते. आई पेल्यात डोकावते आणि विचारते, "ती औषधवाली बाई आज आली न्हाय?"

"नाही आली," मी सांगते.